चार शुभवर्तमानांच्या बाहेरची शुभवर्तमानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुभवर्तमान म्हणजे येशूचं जीवन आणि शिकवण सांगणारं पुस्तक. नाताळ आणि ईस्टर जवळ आले की बायबलबाहेरच्या अशा पुस्तकांविषयी हे प्रश्न हमखास येतात. विचारणाऱ्यांत चर्चला नियमित जाणारे असतात, इतिहासाचे विद्यार्थी असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा 'धक्कादायक शोध' खरा की खोटा हे जाणून घ्यायचं असलेलेही असतात. एकाच प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी सगळं एकत्र ठेवलं आहे. व्यक्तींची नावं मराठी बायबलमधली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बायबलमध्ये तर चारच शुभवर्तमानं आहेत. मग ही बाकीची आली कुठून?

नव्या करारात मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची चार शुभवर्तमानं आहेत. बहुतेक अभ्यासक त्यांचा काळ साधारण इ. स. ७० ते १०० असा मानतात. पण येशूविषयी लिहिणारे तेवढेच नव्हते. 'पुष्कळांनी' हा वृत्तांत लिहायला घेतला होता, असं लूक स्वतः पहिल्याच वाक्यात सांगतो.

दुसऱ्या शतकापासून थोमा, पेत्र, मरीया, फिलिप्प, यहूदा, याकोब अशा नावांनी लिखाण वाढत गेलं. नाव माहीत असलेली अशी शुभवर्तमानं वीसहून अधिक आहेत. काही पूर्ण हाती लागली, काहींचे तुकडे मिळाले, आणि काही फक्त त्यांच्या विरोधकांनी केलेल्या उल्लेखांमुळे ठाऊक आहेत. ती सगळी एका जातीची नाहीत. काहींत नुसती वचनं, काहींत बाळपणाच्या कथा, तर काहींत पुनरुत्थानानंतर शिष्यांशी झालेले संवाद आहेत. त्यामुळे 'ही शुभवर्तमानं असं म्हणतात' या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो आणि विचारतो, कोणतं शुभवर्तमान?

२. आडपडदा न ठेवता सांगा, ही अस्सल आहेत की बनावट?

'अस्सल' या एका शब्दात चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत, आणि बहुतेक वाद त्यांची सरमिसळ झाल्यामुळे पेटतात. हस्तलिखित खरोखर जुनं आहे का? ज्याच्या नावावर ते आहे त्यानंच ते लिहिलं का? ऐतिहासिक येशूचं बोलणं किंवा करणं त्यात शिल्लक आहे का? आणि मंडळीनं, म्हणजे ख्रिस्ती समाजानं, ते पवित्र शास्त्र म्हणून मानावं का?

यहूदाच्या शुभवर्तमानाचं हस्तलिखित निःसंशय प्राचीन आहे, पण ते यहूदानं लिहिलेलं नाही आणि येशूच्या आयुष्याविषयी त्यातून नवी माहिती मिळत नाही. थोमाच्या शुभवर्तमानाबाबत तिसऱ्या प्रश्नावर आजही गंभीर मतभेद आहेत. २०१२ साली गाजलेला पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा तुकडा, पाहा प्रश्न १०) तर पहिल्याच प्रश्नाला अडखळला. चौथा प्रश्न श्रद्धेचा आणि परंपरेचा आहे, त्याचं उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही. म्हणून कुणी 'अस्सल आहे हो!' म्हणालं की यातल्या कोणत्या अर्थानं, एवढं विचारा. निम्मी भांडणं तिथेच निवळतात, हा माझा अनुभव आहे.

३. चारच शुभवर्तमानं ठेवायची हे निकियाच्या परिषदेत मतदानानं ठरलं ना?

नाही. इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेत वाद होता तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याच्या शिकवणुकीवर, म्हणजे पुत्र हा पित्यासारखाच अनादी आहे का यावर. पुनरुत्थानाच्या सणाची तारीखही तिथे चर्चेत होती. परिषदेनं २० नियम केले, त्यांत पवित्र ग्रंथांची यादी नाही.

चार ही संख्या त्याच्या खूप आधी रुळली होती. आजच्या फ्रान्समधल्या ल्योनचा बिशप आयरेनियस इ. स. १८० च्या सुमारास ठामपणे लिहितो की दिशा चार, वारे चार, म्हणून शुभवर्तमानंही चारच. युक्तिवाद म्हणून हा मला कधी पटला नाही, पण त्याच्या काळात चार किती पक्के झाले होते हे त्यातून कळतं. आज आपण वाचतो त्याच २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाच्या अथानासियसनं इ. स. ३६७ च्या पत्रात दिली.

निकियाची दंतकथा एका नवव्या शतकातल्या ग्रीक संकलनात सापडते. सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवली, प्रार्थना केली, आणि खोटी खाली गेली, खरी वर राहिली, अशी ती कथा आहे. २००३ सालच्या 'द दा विंची कोड' या गाजलेल्या कादंबरीनं 'निकियात ठरलं' ही समजूत घरोघरी नेली.

४. मग निवडीचे निकष काय होते?

पुस्तकाचा प्रेषितांशी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांशी, संबंध असावा, ते जुन्या काळापासून अनेक ठिकाणच्या मंडळ्यांत वाचलं जात असावं, आणि त्यातली शिकवण मंडळीच्या श्रद्धेशी जुळावी. हे निकष कुणी बसून एका दिवसात लिहिले नाहीत, ते वापरातून घडत गेले.

कसे घडले याचं एक जिवंत उदाहरण इतिहासकार युसेबियसनं जपून ठेवलं आहे. इ. स. २०० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप सेरापियन जवळच्या ऱ्होसस गावी गेला. तिथले लोक पेत्राचं शुभवर्तमान वाचत होते. त्यानं स्वतः ते न वाचताच 'वाचा की' म्हणून परवानगी दिली. पुढे तक्रारी आल्या, तेव्हा त्यानं प्रत मिळवून नीट वाचली आणि कळवलं की बराचसा भाग ठीक आहे, पण काही भर घातलेली आहे. येशूला खरं मानवी शरीर नव्हतं, तो नुसता भास होता, असं मानणाऱ्यांना ते पुस्तक सोयीचं होतं. मग त्यानं परवानगी मागे घेतली.

मला ही घटना फार मोलाची वाटते. त्यात कारस्थान नाही, जाळपोळ नाही. एक बिशप आधी विश्वासानं हो म्हणतो आणि वाचल्यावर मत बदलतो. पण हेही प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे की त्यानं लावलेली कसोटी शिकवणुकीची होती. आजच्या इतिहासकाराला ती तशीच वापरता येत नाही. त्याला काळ, भाषा आणि आधार तपासावे लागतात.

या शुभवर्तमानाचा एक मोठा तुकडा १८८६-८७ च्या हिवाळ्यात इजिप्तमधल्या अखमीमला एका कबरीत मिळाला. त्यात कबरीतून बाहेर येणाऱ्यांची डोकी आभाळाला टेकतात, त्यांच्यामागून क्रूस चालत येतो आणि आकाशवाणीला 'होय' असं उत्तर देतो. यात दुःखसहनाची सगळ्यात जुनी कथा दडली आहे, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं. बहुतेकांना ते पटलेलं नाही.

५. मान्य असलेली चार तरी त्या त्या व्यक्तींनीच लिहिली आहेत का?

दोन्हीकडे एकच तराजू लावायचा तर हा प्रश्न टाळता येत नाही. चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकानं आपलं नाव दिलेलं नाही. 'मत्तयकृत', 'मार्ककृत' ही शीर्षकं दुसऱ्या शतकात पक्की झाली. मजकुरातही भर पडली आहे. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या (१६:९-२०) चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन प्रख्यात हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीची कथा (योहान ७:५३ ते ८:११) सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही.

मराठी वाचकाला याचा धक्का बसायचं कारण नाही. प्रक्षिप्त, पाठभेद हे शब्द आपल्या घरातले आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, तो याच काळजीपोटी. चार शुभवर्तमानांचं वजन टिकतं ते मुख्यतः त्यांच्या काळामुळे. ती पहिल्या शतकातली आहेत, आणि बाहेरच्यांपैकी एकाचाही काळ तितक्या खात्रीनं पहिल्या शतकात नेता येत नाही.

६. नाग हम्मादीला नेमकं काय सापडलं? मृत समुद्राच्या गुंडाळ्या त्याच का?

दोन्ही वेगळ्या. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतला शोध १९४७ पासूनचा. तो यहुदी ग्रंथसंग्रह आहे, त्यात शुभवर्तमानं नाहीत आणि येशूचा उल्लेखही नाही.

नाग हम्मादी वरच्या इजिप्तमध्ये आहे. तिथे १९४५ साली चामड्याच्या बांधणीची बारा पुस्तकं आणि तेराव्याची काही पानं मिळाली. भाषा कॉप्टिक (इजिप्तच्या प्राचीन ख्रिस्ती लोकांची भाषा), एकूण ५२ प्रकरणं, त्यातली काही दुबार. आज ती कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. एका पुस्तकाची पुठ्ठ्याची बांधणी जाड करायला जुने कागद वापरले होते. त्यांवर इ. स. ३४१, ३४६ आणि ३४८ या तारखा निघाल्या, म्हणजे ते पुस्तक त्यानंतरच बांधलं गेलं. शोधाची जी कहाणी सांगितली जाते, शेतकरी, मातीचा रांजण, चुलीत गेलेली पानं, ती दर कथनागणिक बदलत गेली आहे. अलीकडे काही अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे. पुस्तकांच्या प्राचीनतेला मात्र त्यानं बाधा येत नाही.

७. थोमाचं शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांहून जुनं आहे का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरोखर कठीण.

या शुभवर्तमानात जन्म नाही, चमत्कार नाहीत, क्रूस नाही. आहेत ती ११४ वचनं. निम्म्याहून अधिक वचनांशी मिळतीजुळती वचनं मान्य शुभवर्तमानांत आहेत. संपूर्ण मजकूर नाग हम्मादीच्या कॉप्टिक प्रतीत मिळाला. पण ऑक्सिरिंकस या इजिप्शियन गावाच्या उकिरड्यातून निघालेले तीन ग्रीक तुकडे याच ग्रंथाचे आहेत, हे त्यानंतर लक्षात आलं. त्यातला एक १८९७ सालीच छापला गेला होता! तो साधारण इ. स. २०० च्या सुमाराचा. म्हणजे ग्रंथ त्याआधीचा, एवढं नक्की.

किती आधीचा? तो फार जुना मानणारे म्हणतात, नुसत्या वचनांचा संग्रह हा प्रकारच आधीचा. पेरणाऱ्याचा दाखला इथे येतो, पण मार्कमध्ये त्याला जोडलेलं स्पष्टीकरण इथे नाही, मग साधं रूप आधीचं नव्हे का? उशिराचा मानणारे शब्दांकडे बोट दाखवतात. 'गुप्त असं काही नाही जे प्रकट होणार नाही' या वचनाच्या ग्रीक तुकड्यात लूकची शब्दरचना दिसते, आणि तीही लूकनं मार्कचं वाक्य बदललं नेमक्या त्या जागी. लूक आधी असल्याशिवाय हे कसं घडेल?

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. ग्रंथ आज दिसतो त्या रूपात दुसऱ्या शतकातला असावा. पण एक सावधगिरी हवी. मजकूर हलता होता. 'लाकूड फोडा, मी तिथे आहे. धोंडा उचला, तिथे मी सापडेन' हे वचन कॉप्टिकमध्ये ७७ व्या क्रमांकात आहे, तर ग्रीक तुकड्यात ते तिसाव्याला जोडलेलं आहे. वचनं अशी जागा बदलत असतील तर ग्रंथाला एकच एक तारीख लावणं धोक्याचं. संग्रह उशिराचा आणि त्यातलं एखादं वचन जुनं, असं सहज असू शकतं.

तसं एखादं वचन सांगायचं तर ९७ वं. पित्याचं राज्य कशासारखं? पिठानं भरलेलं मडकं घेऊन दूरच्या वाटेनं चाललेल्या बाईसारखं. मडक्याचा कान तुटला, पीठ मागे वाटेवर सांडत राहिलं, तिला कळलंच नाही. घरी येऊन मडकं खाली ठेवलं तर ते रिकामं. दाखला चारही शुभवर्तमानांत नाही. तो येशूचाच आहे हे सिद्ध करता येत नाही, पण त्याची घडण येशूच्या दाखल्यांसारखी आहे, आणि तो वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

'लाकूड फोडा' हे वचन अभंगासारखं वाटतं, म्हणून येशूवर भारताचा प्रभाव होता, असंही कुणी कुणी लिहितं. साम्य जाणवतं, पण साम्य हा पुरावा नव्हे (पुढे प्रश्न १४ पाहा).

८. हाच थोमा भारतात आला ना? मग त्याचं शुभवर्तमान आपल्याकडे का नाही?

थोमाच्या नावावर निदान तीन वेगळी पुस्तकं आहेत आणि त्यांचा सतत गोंधळ होतो. पहिलं, वर सांगितलेलं ११४ वचनांचं शुभवर्तमान. दुसरं, येशूच्या बाळपणाच्या कथांचं. पाच वर्षांचा येशू मातीच्या बारा चिमण्या करतो आणि त्या उडवून देतो, ही कथा त्यातली. मातीच्या पक्ष्याचा हा प्रसंग कुराणातही आहे. तिसरं, 'थोमाची कृत्ये', तिसऱ्या शतकातलं. थोमाला भारतात राजा गुदनफरकडे नेणारं पुस्तक हे तिसरं आहे. त्यातली कथा अद्भुत असली तरी गोंडोफर्निस (गुदनफरचंच दुसरं रूप) नावाचा राजा वायव्य भारतात खरोखर होऊन गेला, त्याची नाणी मिळाली आहेत.

केरळच्या थोमा ख्रिस्ती परंपरेत वाचलं जायचं ते सिरियाक (अरामी भाषेचं एक रूप) बायबल, आणि त्यात आपलीच चार शुभवर्तमानं. पण बाहेरच्या पुस्तकांचा स्पर्श झालाच नाही असंही नाही. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १५९९ साली उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि तिथे अनेक सिरियाक पुस्तकं निषिद्ध ठरवली. त्या यादीत येशूच्या बाळपणाचं एक पुस्तक आहे. त्या सभेनंतर किती हस्तलिखितं नष्ट झाली असतील, या विचारानं आजही वाईट वाटतं.

९. मरीया मग्दालिया येशूची पत्नी होती असं यांत लिहिलं आहे का?

नाही, एकाही प्राचीन शुभवर्तमानात नाही. फिलिप्पाच्या शुभवर्तमानात तिला 'सोबतीण' म्हटलं आहे आणि येशू तिचं वारंवार चुंबन घेई असं वाक्य आहे. कुठे, तो शब्द होता तिथे पपायरसला भोक पडलं आहे. छापील भाषांतरांत दिसणारा शब्द संपादकांचा अंदाज असतो. शिवाय त्या ग्रंथात चुंबन ही आध्यात्मिक ज्ञान देण्याची खूण आहे.

मरीयेच्या नावाचं शुभवर्तमान वेगळं. १८९६ साली कैरोत विकत घेतलेल्या, आज बर्लिनला असलेल्या हस्तलिखितात ते आहे. सुरुवातीची सहा आणि मधली चार पानं गहाळ आहेत. त्यात पेत्र कुरकुरतो, प्रभूनं आम्हाला सोडून एका स्त्रीला हे सांगितलं? आणि लेवी हा शिष्य तिची बाजू घेतो. लग्नाबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या शतकातल्या मंडळ्यांत स्त्रियांच्या शिकवण्याच्या अधिकारावरून किती ताण होता हे मात्र त्यातून दिसतं. माझ्या मते हा ऐवज पत्नी होती की नाही या कुतूहलाहून मोठा आहे.

१०. 'येशू म्हणाला, माझी पत्नी' असा पपायरस २०१२ मध्ये मिळाला होता. त्याचं पुढे काय झालं?

तो आधुनिक बनाव निघाला. हार्वर्डच्या प्राध्यापक कॅरन किंग यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये रोमला तो जाहीर केला. जेमतेम चार बाय आठ सेंटिमीटरचा कॉप्टिक तुकडा. कार्बन चाचणीत पपायरस सातव्या-आठव्या शतकातला निघाला, त्यामुळे अनेकांना वाटलं की प्रश्न मिटला.

खोटेपणा उघड झाला तो भाषेतून. तुकड्यावरचे शब्द थोमाच्या कॉप्टिक शुभवर्तमानातून उचलून जुळवलेले होते. इतके, की इंटरनेटवरच्या त्याच ग्रंथाच्या एका प्रतीतली टायपिंगची चूकही तशीच उतरली होती. त्याच मालकाकडून आलेल्या योहानाच्या दुसऱ्या तुकड्यात तर १९२४ साली छापलेल्या आवृत्तीप्रमाणेच ओळी तुटत होत्या, आणि त्याची कॉप्टिक बोली त्या पपायरसच्या काळाआधीच वापरातून गेलेली होती. २०१६ मध्ये एका पत्रकारानं मालकाच्या कागदपत्रांचा माग काढला. त्यानंतर तो तुकडा बहुधा बनावटच आहे हे किंग यांनीही मान्य केलं. चूक जाहीरपणे कबूल करणं सोपं नसतं, म्हणून याची नोंद करावीशी वाटते.

११. कार्बन चाचणी केली की वाद मिटत का नाहीत?

चाचणी लिहिण्याच्या साहित्याचं वय सांगते, लिखाणाचं नाही. जुना कोरा पपायरस बाजारात मिळतो (प्रश्न १०). उलट बाजूही लक्षात घ्या. प्रत चौथ्या शतकातली असली तरी तिच्यातला ग्रंथ दोनशे वर्षं आधीचा असू शकतो. ग्रंथाचा काळ ठरवायला भाषा, इतर लेखकांनी केलेले उल्लेख आणि उसनवारी तपासावी लागते.

१२. यहूदाच्या शुभवर्तमानात यहूदा नायक आहे, हे खरं का?

यावर अभ्यासकांत मोठी फूट आहे. हे हस्तलिखित १९७० च्या दशकात इजिप्तमध्ये मिळालं, मग व्यापाऱ्यांच्या हातात फिरलं, न्यूयॉर्कजवळच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये सुमारे सोळा वर्षं पडून राहिलं, आणि कुणीतरी ते फ्रीझरमध्येही ठेवलं. त्याचा पार चुरा झाला. एप्रिल २००६ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा बातमी झाली की यहूदा विश्वासघातकी नव्हता, येशूच्याच सांगण्यावरून त्यानं येशूला शत्रूंच्या हाती दिलं.

पुढच्याच वर्षी अभ्यासक एप्रिल डीकॉनिक यांनी भाषांतरालाच आव्हान दिलं. येशू यहूदाला 'तेरावा दायमोन' म्हणतो. पहिल्या भाषांतरकारांनी त्याचा अर्थ 'आत्मा' असा केला, पण त्या काळच्या ख्रिस्ती लिखाणात हा शब्द भुतासाठी येतो. त्या अर्थानं वाचलं तर यहूदा नायक उरत नाही. मला डीकॉनिक यांचं म्हणणं अधिक पटतं. एका शब्दावर अख्खा अर्थ फिरतो, म्हणून मथळा वाचून मत बनवू नये.

प्राचीनतेचं म्हणाल तर, कार्बन चाचणीत प्रत इ. स. २८० च्या आसपासची (साठ वर्षं इकडेतिकडे) निघाली, आणि यहूदाच्या शुभवर्तमानाचा उल्लेख आयरेनियसनं १८० च्या सुमारास केलेला आहे.

१३. बर्णबाच्या शुभवर्तमानात तर मुहंमद पैगंबरांचं नाव आहे. चर्चनं ते लपवलं का?

हा प्रश्न मुस्लिम मित्रांकडून येतो आणि तो आदरानं घ्यायला हवा. हे पुस्तक आज मिळतं ते व्हिएन्नातल्या इटालियन हस्तलिखितावरून आणि स्पॅनिश प्रतीवरून. १९०७ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, त्यावरून अरबी आणि पुढे उर्दू झालं. लपवलेलं काही नाही.

पण ते पहिल्या शतकातलं नाही. त्यात जुबिली वर्ष, म्हणजे गुलामांच्या सुटकेचं आणि जमिनी परत करण्याचं वर्ष, शंभर वर्षांनी येतं. मोशेच्या नियमशास्त्रात ते पन्नासावं वर्ष आहे. शंभराचा हिशेब पोपच्या १३०० सालच्या फर्मानाचा. येशू नावेत बसून नासरेथला जातो, आणि नासरेथ तर डोंगरात आहे. शिवाय इथे येशू आपण मसीहा (देवानं पाठवलेला तारणारा) असल्याचं नाकारतो, कुराण मात्र त्याला अल्-मसीह म्हणतं. म्हणजे मुस्लिम श्रद्धेलाही हे पुस्तक आधार देत नाही.

इथे दोन अपवाद लक्षात ठेवा. 'बर्णबाचं पत्र' हे खरोखर प्राचीन पण पूर्ण वेगळं पुस्तक आहे, ते सिनायच्या हस्तलिखितात आहे. आणि सहाव्या शतकातल्या एका निषिद्ध यादीत बर्णबाच्या नावाचं शुभवर्तमान आढळतं. ते हेच, असं दाखवणारं काहीही मिळालेलं नाही.

१४. लडाखच्या मठात येशूच्या भारतातल्या वर्षांची पोथी आहे म्हणतात. ती खरी का?

हा दावा निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाचा. हेमिस मठात पाय मोडून पडलो असताना 'इसा'ची (येशूची) पोथी वाचून दाखवली गेली, असं त्यानं १८९४ मध्ये छापलं. त्याच वर्षी संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलरनं लेखी शंका घेतली. १८९५ मध्ये जे. आर्किबाल्ड डग्लस हेमिसला गेले, तेव्हा प्रमुख लामांनी असा ग्रंथ नाही आणि असं काही घडलं नाही, असं सांगितलं. स्वामी अभेदानंद १९२२ मध्ये तिथे गेले आणि आपल्याला पोथी दाखवली गेली असं त्यांनी लिहिलं. पण अभ्यासकांना तपासता येईल अशी मूळ पोथी आजवर पुढे आलेली नाही. प्रश्न २ मधल्या पहिल्याच पायरीवर आपण थांबतो.

श्रीनगरची रोझाबल ही कबर येशूची आहे, हा दावा वेगळा आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडला, आणि तो कोणत्याही प्राचीन शुभवर्तमानातून आलेला नाही.

१५. 'गुप्त मार्क' हा बनाव ठरला का?

ठरलेला नाही, आणि हेच त्याचं दुखणं. मॉर्टन स्मिथ यांना १९५८ मध्ये जेरुसलेमजवळच्या मार सबा मठात १६४६ सालच्या एका छापील पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर हातानं उतरवलेलं ग्रीक पत्र दिसलं. ते अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट या प्राचीन ख्रिस्ती लेखकाचं म्हणून लिहिलेलं, अक्षर अठराव्या शतकातलं वाटणारं. मार्कच्या एका अधिक गूढ आवृत्तीतले उतारे त्यात होते. १९७६ मध्ये काही अभ्यासकांनी ते पुस्तक पाहिलं, ते जेरुसलेमला हलवलं गेलं, पुढे पानं वेगळी काढली गेली आणि ती आता सापडत नाहीत. उरली ती छायाचित्रं. शाई तपासता येत नाही. हा स्मिथ यांनीच केलेला बनाव आहे असं म्हणणारे, आणि त्यांच्यावर अन्याय होतो आहे असं म्हणणारे, दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. मी या उताऱ्यांवर कोणताही निष्कर्ष उभा करत नाही.

१६. आम्ही पिढीजात कॅथलिक. आमच्या घरात या पुस्तकांतलं काहीच नाही ना?

आहे, आणि रोजच्या जगण्यात आहे. मरीयेच्या आईवडिलांची नावं, हन्ना आणि योआकीम, चार शुभवर्तमानांत कुठेही नाहीत. ती दुसऱ्या शतकातल्या 'याकोबाच्या आद्य शुभवर्तमाना'तून आली. मरीयेच्या जन्माची कथा त्यातलीच. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा ८ सप्टेंबरच्या मरीयेच्या जन्मदिनाभोवती भरते, त्या सणामागे हे पुस्तक उभं आहे. संत अ‍ॅनचा २६ जुलैचा सणही तसाच.

नाताळला आपण गोठा मांडतो. लूकमध्ये गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. ते पुढच्या काळातल्या, मत्तयाच्या नावानं चालणाऱ्या एका बाळपणाच्या शुभवर्तमानात भेटतात, जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या 'बैल आपल्या धन्याला ओळखतो' या वचनाचा आधार घेऊन. शास्त्र म्हणून न स्वीकारलेलं पुस्तक सणांत, चित्रांत, गाण्यांत इतकं प्रेमानं जपलं गेलं, हे मला सुंदर वाटतं.

१७. ही पुस्तकं वाचणं पाप आहे का?

नाही. कॅथलिक चर्चची निषिद्ध ग्रंथांची यादी १९६६ मध्ये रद्द झाली, आणि या ग्रंथांच्या अभ्यासकांत अनेक धर्मगुरू आहेत. फक्त आधी चार शुभवर्तमानं नीट वाचलेली असावीत, नाहीतर फरक कळणार नाही.

१८. चारांत नसलेलं एखादं वचन खरोखर येशूचं असू शकतं का?

असू शकतं, आणि याची साक्ष बायबलच देतं. 'घेण्यापेक्षा देणं यात जास्त धन्यता आहे' हे प्रभू येशूचं वचन म्हणून पौल सांगतो, प्रेषितांची कृत्ये २०:३५ मध्ये. चारही शुभवर्तमानांत ते शोधा, मिळणार नाही. म्हणजे शुभवर्तमानांबाहेर वचनं मुखोमुखी फिरत होती.

पण प्रत्येक वचनाचा माग वेगळा काढावा लागतो. फतेहपूर सीक्रीच्या बुलंद दरवाजावर कोरलं आहे: मरीयेचा पुत्र इसा म्हणाला, जग हा पूल आहे, त्यावरून पार व्हा, त्यावर घर बांधू नका. वचन मोठं आहे. तेच इस्लामी विचारवंत गझालीच्या ग्रंथात, म्हणजे अकबराच्या जवळपास पाचशे वर्षं आधी, सापडतं. तिथून मागे पहिल्या शतकापर्यंत नेणारा दुवा हाती नाही. म्हणून ते येशूचं असल्याचं मी सांगत नाही. इस्लामी परंपरेनं येशूच्या तोंडी आदरानं जपलेलं वचन, असं सांगतो.